२०१३ चा डेस्कटॉप: आठ हजारांत अपग्रेड, की २८ हजारांत नवीन?

कोरडवाहू (परभणी)

नमस्कार मंडळी. "आधी कॉन्फिगरेशन टाका" हा पहिला प्रतिसाद वाचावा म्हणून सगळं आधीच टाकतो.

आय३-३२२०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ ची एकच स्टिक, ५०० जीबी हार्डडिस्क, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), साडेअठरा इंची मॉनिटर (१३६६ बाय ७६८, व्हीजीए केबल), ६०० व्हीएचा यूपीएस. विंडोज १०. सगळं २०१३ चं, यूपीएसची बॅटरी तेवढी मध्ये एकदा बदललेली.

काम: मराठी टायपिंग, एक्सेल, बँक, फॉर्म भरणं, मुलीच्या सीईटीच्या मॉक टेस्ट आणि यूट्यूबवरची लेक्चरं. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. चालू व्हायला पाच मिनिटं लागतात, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की माउस जागेवर अडकतो.

दुकानदाराचं म्हणणं: "यात आता काही राहिलं नाही, सगळं बदला, २८ हजार." माझी तयारी आठ हजारांची. आठात काय काय होईल? आणि मुळात या मशीनवर आठ हजार घालावेत का?

तूरडाळ (लातूर)

आणि जुन्याचे किती देतो म्हणाला? मॉनिटर-कॅबिनेट धरून पाचशे असणार. वर "तुमच्यासाठी म्हणून".

बालाघाट (बीड)

कोरडवाहू दादा, अडतंय ते हार्डडिस्कपाशी. पैसे काढायच्या आधी एवढं बघा: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. मशीन चालू झाल्यावर पहिली पाच-सात मिनिटं डिस्क १०० टक्के आणि सीपीयू २०-३० टक्के दिसला, तर प्रोसेसर कितीही भारी घाला, काडीचा फरक पडणार नाही. फिरणारी डिस्क एक मोठी फाइल सेकंदाला १०० एमबीने सहज वाचते. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली इथून-तिथून उचलते, प्रत्येक फाइलसाठी हेड सरकतं, आणि वेग सेकंदाला जेमतेम एक एमबीवर येतो. एसएसडीत (चिपवर साठवणारी डिस्क) सरकायला काही नसल्याने तिथं हाच आकडा २०-३० एमबीच्या घरात जातो. खरा फरक हा आहे, डब्यावर छापलेला सेकंदाला ५५० एमबीचा आकडा नव्हे.

५५० तुम्हाला दिसणारही नाही. एच६१ चे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) ३ गिगाबिटचे, म्हणजे सलग वाचनात २६०-२७० ला थांबणार. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण त्याच कारणाने महागडी एसएसडी घ्यायची गरज नाही. अडीच इंची साटा एसएसडीच मागा. दुकानात "एम.२ आणखी फास्ट आहे" म्हणून पट्टीसारखी एसएसडी गळ्यात मारतात, तिला एच६१ वर जागाच नाही.

बसवताना:

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम) साटा मोड आधी बघा. जुन्या बऱ्याच बोर्डांवर तो आयडीई म्हणजे जुन्या पद्धतीचा असतो. एएचसीआय ही नवी पद्धत करा आणि मगच विंडोज टाका. विंडोज टाकून झाल्यावर बदलला तर निळा स्क्रीन येतो; मग एकदा सेफ मोडमध्ये चालू करून सावरावं लागतं.

विंडोज टाकताना जुन्या हार्डडिस्कची साटा केबल काढून ठेवा. दोन्ही लावलेल्या असल्या की बूटची फाइल पुष्कळदा जुन्या डिस्कवरच जाऊन बसते. पुढे कधी ती डिस्क गेली की एसएसडी चांगली असूनही मशीन उठत नाही, आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात.

जुन्या एसएमपीएसला साटा पॉवरची टोकं कमी असतात. चार पिनी मोलेक्सवरून साटा करणारा कन्व्हर्टर लागला तर ज्याच्या टोकात वायरी एकेक करून दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या. अख्खं टोक ओतीव प्लास्टिकचं असतं तो नको. आत वायरी एकमेकींच्या फार जवळ असतात, उन्हाळ्यात प्लास्टिक मऊ पडलं की शॉर्ट होतो.

रॅम दुसऱ्या नंबरवर. आणखी एक ४ जीबी घाला, ८ होतील. स्टिका दोन झाल्या की ड्युअल चॅनेल चालू होतं आणि बोर्डवरच्या ग्राफिक्सला, जे सगळं रॅममधूनच खातं, त्याचा थोडा फायदा मिळतो. १६ पर्यंत बोर्ड घेतो, पण तुमच्या कामाला ८ बास. रॅमआधी एक तपासा: सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे ३२ बिट लिहिलं असेल तर विंडोजला सव्वातीन-साडेतीन जीबीच्या वर दिसतच नाही. आधी ६४ बिट टाकायचं, मग रॅमचा उपयोग.

काहून_बा (हिंगोली)

एसएसडी गेली की डेटा कायमचा जातो म्हणतात. हार्डडिस्क निदान टकटक आवाज करून सांगते तरी. मंग काहून बदलावी?

बालाघाट (बीड)

@काहून_बा, सांगून मरते हे खरं. म्हणून सी ड्राइव्ह एसएसडीवर, फोटो-कागदपत्रं दोन ठिकाणी, त्यातलं एक मशीनच्या बाहेर. हा नियम हार्डडिस्कलाही होताच, पाळत कोणी नव्हतं एवढंच. स्वस्त एसएसडीला खरा धोका आहे तो लिहिणं चालू असताना वीज जाण्याचा.

एक_फेज (जालना)

मग माझा विषय आला. या धाग्यावर सगळे एसएसडी-रॅम बोलायलेत, पण आपल्याकडे जुन्या मशीनचा जीव घेते ती वीज. दादा, आठ हजारांतले हजार आधी यूपीएससाठी बाजूला काढा.

६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. दोन-तीन वर्षं चालते, खोली तापत असेल तर त्याहून कमी. तपासणी सोपी: यूपीएसला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, भिंतीतला प्लग काढा, बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. काही मिनिटांतच १०.५ व्होल्टच्या खाली घसरली तर ती फक्त वजनाला आहे. नवी टाकताना लाल-काळी टोकं उलटी जोडू नका, यूपीएसचा फ्यूज उडतो, कधी बोर्डही जातो. आणि ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६०. तुमच्या मशीन-मॉनिटरला भरपूर. लेझर प्रिंटर मात्र त्यावर टाकू नका, कागद भाजताना एका झटक्यात ओढतो आणि यूपीएस बसतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात किंवा पाय लागला की मुंग्या येतात का? येत असतील तर कॉम्प्युटर खराब नाही, घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थ मिळाला तर गळती तिकडे जाते, नाही मिळाला तर पत्र्यावर ११०-११५ व्होल्ट तरंगत बसतात. करंट अगदी कमी, माणूस दचकतो फक्त. पण मशीन चालू असताना मॉनिटरची केबल किंवा पेनड्राइव्ह जोडताना तोच व्होल्टेज पोर्टमधून जातो. यूएसबी पोर्ट मेले की लोक बोर्ड बदलतात, तिसरी पिन तशीच मोकळी राहते.

मोजमाप: सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे घ्या. पहिले दोन जवळपास सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. फेज-अर्थ शंभर-दीडशे दाखवत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की हेच होतं. मीठ-कोळशाच्या जुन्या अर्थिंगला एप्रिल-मेमध्ये पाणी घालत राहावं लागतं. आणि स्पाइक गार्ड घेऊन निश्चिंत बसू नका, त्यातला जादा व्होल्टेज छाटणारा भाग अर्थिंगशिवाय अर्धामुर्धाच चालतो.

शेवटचं, एसएमपीएस. २०१३ चा, कॅबिनेटबरोबरचा. त्यावर ४५० छापलेलं असतं, देतो किती ते त्यालाच ठाऊक. मशीन चालू ठेवून मोलेक्सच्या टोकावर बघा: पिवळी-काळी ११.४ ते १२.६, लाल-काळी ४.७५ ते ५.२५. यूट्यूब चालवून बघा, नुसतं डेस्कटॉपवर नको. पिवळी ११.४ च्या खाली जात असेल तर आधी एसएमपीएस, मग एसएसडी.

तूरडाळ (लातूर)

एक_फेज साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून मी आधी चप्पल घातली आणि मग कीबोर्डला हात लावला.

मांजराकाठ (लातूर)

सगळे तांत्रिक मुद्दे बरोबर, तरी मला हा खर्च पटत नाही. तिसऱ्या पिढीच्या (तुमचा आय३-३२२० इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा) बोर्डावर घातलेला पैसा त्या बोर्डाबरोबरच संपतो. डीडीआर३ पुढच्या मशीनला चालत नाही, ११५५ सॉकेटचा प्रोसेसर चालत नाही. आणि विंडोज ११ अधिकृतरीत्या इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच, वर टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) हवं.

आठ हजारांत आणखी सहा-आठ घालून कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेलं रिफर्बिश्ड मशीन घ्या. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, एचपी एलिटडेस्क ८०० जी४, लेनोवो थिंकसेंटर एम७२०, हे सगळे आठव्या पिढीचे. आय५-८५०० म्हणजे सहा कोअर. विंडोज ११ रीतसर चालतं. मॉनिटर-कीबोर्ड तुमचेच वापरा.

घेताना बघायचं: बायोसला पासवर्ड नाही ना (ऑफिसच्या मशीनला हमखास असतो आणि काढणं जिकिरीचं), बायोसमध्ये टीपीएम चालू आहे ना, एसएसडी किती तास चालली आहे, बिल जीएसटीचं आहे का. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर मागे व्हीजीए पोर्ट आहे का हेही. कित्येकांना नुसते डिस्प्ले पोर्ट असतात, मग कन्व्हर्टरचे चार-पाचशे वेगळे.

गोदाकाठ (नांदेड)

@मांजराकाठ, रिफर्बिश्डला माझा विरोध नाही, पण त्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. त्या मशीनचा एसएमपीएस आपल्या नेहमीच्या २४ पिनचा नसतो, कंपनीचा स्वतःचा वेगळा असतो. परभणीत तो जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही, मागवावा लागतो. बोर्डाचंही तेच. असेंबल मशीनचा प्रत्येक सुटा भाग मात्र तालुक्याच्या गावीही मिळतो. वीज एक_फेज म्हणतात तशी असेल तर हा फरक लहान नाही.

आणि पैसा संपतो म्हणालात, तर एसएसडी संपत नाही. उद्या नवं मशीन घेतलं तरी ती काढून तिथे लागते. यूपीएसची बॅटरीही. बोर्डाबरोबर बुडणार ती फक्त रॅम, तीही पाचशेची.

आता भाव. हे सुटे भाग सध्या आठवड्यागणिक हलतात, त्यामुळे फोन करूनच निघा. एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली, त्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही चढल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानदाराच्या २८ हजारांत नव्या रॅमचा वाटा मोठा आहे तो त्यामुळे. वापरलेली डीडीआर३ मात्र ऑफिसांच्या मोडीतून येते, तिला या तेजीचा फटका कमी.

साधारण अंदाज: २५६ जीबी साटा एसएसडी (चांगली कंपनी, तीन वर्षं वॉरंटी) अडीच ते तीन हजार. वापरलेली ४ जीबी डीडीआर३ चारशे ते सहाशे. बरा एसएमपीएस दोन-सव्वादोन हजार. यूपीएसची बॅटरी हजाराच्या आसपास. साटा केबल, बोर्डावरचा सेल, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायची) मिळून तीनशे.

रॅम घेताना फसवणूक होते ती अशी. ऑनलाइन अगदी स्वस्तात ८ जीबी डीडीआर३ मिळते, वर्णनात बारीक अक्षरात "फक्त एएमडी बोर्डसाठी" असतं. तिच्या चिप्सची रचना इंटेलच्या बोर्डांना झेपत नाही; मशीन बीप देतं किंवा काळाच स्क्रीन राहतो. दुसरं, लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला बसतच नाही. तिसरं, वापरलेली घेतली तर सोनेरी दातांवर पेन्सिलचा खोडरबर फिरवून, कण झटकून मग बसवा. एक रात्र मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एकही एरर आली तरी दुसऱ्या दिवशी परत. वापरलेल्या रॅमला दुकानदार सात दिवसांची बोली देतो, ती बिलावर लिहून घ्या.

प्रोसेसर बदलायचाच झाला तर आय५-३४७० वापरलेला बारा-पंधराशेत मिळतो. तुमच्या बोर्डवर ३२२० चालतोय म्हणजे बायोस तिसऱ्या पिढीचा आहेच, अपडेट लागू नये. पण नावाच्या शेवटी पी असलेला (आय५-३३५०पी) किंवा झिऑन ई३-१२३० व्ही२ स्वस्त दिसला म्हणून घेऊ नका. त्यांत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घातल्याशिवाय मॉनिटरवर काही येणार नाही. शिवाय ३२२० ला ५५ वॅट, ३४७० ला ७७. जुना बारका कूलर मे महिन्यात ओरडेल.

काहून_बा (हिंगोली)

नव्या मशीननं लाइट बिल वाचतं म्हणतात, ते कुणीच धरलं नाही.

एक_फेज (जालना)

धरू की. जुनं मशीन मॉनिटरसकट ७० वॅट धरा, रोज पाच तास, म्हणजे महिन्याला साडेदहा युनिट. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा नवा मिनी पीसी मॉनिटरसकट ३५ वॅट धरला तर सव्वापाच. वाचली सव्वापाच युनिट, युनिटला दहा रुपये धरले तरी महिन्याला पन्नास-बावन्न. १५ हजारांचं मशीन या बचतीतून फिटायला वीस वर्षांच्या वर जातील. रात्री यूपीएसचं बटण बंद केलं तरी त्यातलं थोडं वाचतं.

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

खर्चाच्या चर्चेत विंडोजचा मुद्दा मांजराकाठ यांनी आणला तो महत्त्वाचा, तिकडे परत येते.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण घरगुती मशीनला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. अट: आवृत्ती २२एच२ हवी. सेटिंग्ज, अपडेटमध्ये नोंदणीचा दुवा येतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. म्हणजे घाई नाही.

विंडोज ११ रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवून, टीपीएमची अट वगळून या मशीनवर चढतं. २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतात. कोअर २ ड्युओवाल्यांचा रस्ता तिथेच बंद, तिसऱ्या पिढीत त्या आहेत. पण वर्षाकाठची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी हातानेच चढवावी लागते. बँकेचं काम करणाऱ्या घरात मी हे सुचवणार नाही.

माझं मत लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम), त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबी आणि एसएसडीवर हे मशीन पळेल. मराठी इनस्क्रिप्ट त्यात आहेच. आधी पेनड्राइव्हवरून न बसवता चालवून बघा: वायफाय, प्रिंटर, आवाज, बँकेची साइट.

आणि यूट्यूब. ३२२० मधलं एचडी २५०० ग्राफिक्स एच.२६४ या जुन्या प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडतं, पण यूट्यूब हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या प्रकारांत पाठवतं. ते उलगडायचं काम सगळं प्रोसेसरवर पडतं, म्हणून पंखा ओरडतो. एच२६४-इफाय नावाचं एक्स्टेंशन घातलं की यूट्यूब जुना प्रकार पाठवतं. तुमचा मॉनिटर १३६६ चा आहे, ७२० च्या वर लावून उपयोगही नाही. यात खर्च शून्य.

सेतू_४०४ (धाराशिव)

हिमरू ताई, लिनक्स घरासाठी ठीक. पण कुणी घरच्या मशीनवर डिजिटल सहीचं टोकन किंवा अंगठ्याचं यंत्र लावत असेल तर थांबा. टोकनचा ड्रायव्हर, यंत्राची आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीचा प्रोग्राम), हे सगळं विंडोजवरच सरळ चालतं. लिनक्सवर एक चालेल तर दुसरं रुसेल. फॉर्म भरणं, फोटो ठरावीक केबीत बसवणं एवढंच असेल तर काही अडत नाही.

खिळे_जुळारी (छत्रपती संभाजीनगर)

त्यात भर. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (पोर्टला लावायचं, त्याशिवाय ते चालत नाही) आणि पानं जुळवायचं पेजमेकर ज्यांच्याकडे आहे त्यांनी या धाग्यातलं काहीही करण्याआधी दोनदा विचार करा. ६४ बिट विंडोज टाकलं की जुन्या लॉकचा ३२ बिटवाला ड्रायव्हर चालत नाही. त्यातून ते लॉक प्रिंटरच्या २५ पिनी पोर्टचं असेल तर नव्या बोर्डवर पोर्टच नसतो. जुनी लग्नपत्रिकांची, जाहिरातींची कामं त्याच फाइलींत असतात. अशांनी ती हार्डडिस्क आहे तशी, तिच्या विंडोजसकट ठेवून द्यावी आणि नवी एसएसडी वेगळी वापरावी. युनिकोडात आणायचा मजकूर कन्व्हर्टरने आणला तरी रफार आणि अर्धे र डोळ्यांनी तपासावे लागतात.

तूरडाळ (लातूर)

"आशीर्वाद" चा "आशीवार्द" झालेल्या पत्रिका त्या कन्व्हर्टरच्याच कृपेने. लग्न लागतं तरी.

कोरडवाहू (परभणी)

सगळ्यांचे आभार, लईच माहिती मिळाली. सांगितलेलं तपासलं. आकडे:

टास्क मॅनेजर: चालू झाल्यावर डिस्क १००, सीपीयू २५ च्या आसपास. विंडोज ६४ बिट आहे. बायोसमध्ये साटा मोड आयडीई. घड्याळ दर वेळी २०१२ च्या जानेवारीवर जातं, तारीख हाताने लावल्याशिवाय बँकेची साइट उघडत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) पिवळं "कॉशन" दाखवतंय: ०५ ला शून्य, सी५ ला ८. यूट्यूब चालू असताना पिवळी वायर ११.७. न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट. यूपीएस प्लग काढताच बंद.

आता डिस्क क्लोन करावी की नवीन विंडोज टाकावं?

बालाघाट (बीड)

क्लोन करू नका. सी५ म्हणजे वाचायला अडणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर (डिस्कवरचे कप्पे). ०५ शून्य आहे म्हणजे अजून खराब सेक्टरची बदली झालेली नाही. क्लोन करणारा प्रोग्राम त्या जागी अडून बसेल, किंवा तिथली खराब फाइल जशीच्या तशी नव्या डिस्कवर नेईल. क्रम असा ठेवा:

आजच कागदपत्रं, फोटो, टायपिंगच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. महत्त्वाचं आधी, सिनेमे शेवटी. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा, पुन्हा पुन्हा वाचायला लावू नका. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क वेगळे काढा, हे हमखास राहतं. कॉपी होईपर्यंत डिस्क तपासणी, डीफ्रॅग काहीही चालवू नका.

मग आयडीईचं एएचसीआय, जुन्या डिस्कची केबल काढून एसएसडीवर नवं विंडोज. बोर्ड तोच असल्याने विंडोज १० चं डिजिटल लायसन्स इंटरनेट लागताच आपोआप चालू होतं, प्रॉडक्ट की (लायसन्सचा क्रमांक) मागितली तर "की नाही" निवडा. दुकानात पाचशेची की विकत घेऊ नका.

घड्याळाचं म्हणाल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला. तारीख २०१२ ची असली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अजून लागू न झालेलं वाटतं, म्हणून बँक उघडत नाही. चाळीस रुपयांचं काम. मात्र सेल काढला की बायोसच्या सेटिंग्ज मूळ जागी जातात आणि साटा मोड पुन्हा आयडीई होतो. म्हणून आधी सेल, मग एएचसीआय, मग विंडोज.

सेल बदलायला कॅबिनेट उघडाल तेव्हाच कूलरही काढून घ्या. चार पिना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या. जोर लावला की तुटतात, प्लास्टिक बारा वर्षांचं आहे. वाळलेली पेस्ट कापसाने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी, मधोमध. बसवताना पिना उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या दाबा, प्रत्येकीचा "टक" ऐकू आला पाहिजे. एक जरी अर्धवट राहिली तरी मशीन पाच मिनिटांत तापून बंद पडतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

एक_फेज (जालना)

११.७ हद्दीत आहे, पण भाराखाली खालच्या बाजूला झुकतोय. आत्ता बदलायची गरज नाही. मे महिन्यात मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागलं तर पहिला संशय यावर. बोर्डवर प्रोसेसरशेजारचे उभे कपॅसिटर बघून घ्या, डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा वर तपकिरी डाग असेल तर तेवढेच बदलता येतात, कपॅसिटर दहा-वीस रुपयांचा, मजुरी दोन-तीनशे. टीव्ही दुरुस्त करणाराही करून देतो.

मांजराकाठ (लातूर)

माझं मत कायम आहे. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर हा प्रश्न पुन्हा उभा राहणार. पण मुलीची सीईटी तोंडावर असताना मशीन बदलण्यापेक्षा एसएसडी टाकून वेळ काढणं ठीक, एवढं मान्य. प्रोसेसर-बोर्डवर मात्र एक रुपया घालू नका.

गोदाकाठ (नांदेड)

मग यादी अशी: एसएसडी २८००, रॅम ५००, साटा केबल ८०, सेल ४०, पेस्ट १८०, यूपीएसची बॅटरी १०००. एकूण ४६००. एसएमपीएसचे २२०० वेगळे काढून ठेवा, आत्ता खर्चू नका. तोही घातला तर ६८००, तरी आठच्या आतच.

काहून_बा (हिंगोली)

अन् ती जुनी हार्डडिस्क? फेकायची?

बालाघाट (बीड)

कॉपी झाली, महिनाभर सगळं ठीक चाललं, की एकदा पूर्ण फॉरमॅट मारा. क्विक नव्हे, पूर्ण. ५०० जीबीला दोन तास लागतील. मग परत क्रिस्टलडिस्कइन्फो बघा. सी५ शून्य झाला आणि ०५ वाढला नाही तर सिनेमे-लेक्चरं ठेवायला वापरा, एकुलती एक प्रत कशाचीच तिच्यावर नको. ०५ वाढत चालला तर भंगारात, पण प्लेटवर खिळा ठोकून.

कोरडवाहू (परभणी)

ठरलं. ४६०० ची यादी घेऊन जातोय. बॅटरी इथंच स्टेशन रोडला बघतो, एसएसडी-रॅमसाठी नांदेडला फोन करतो.

एक_फेज (जालना)

जुनी बॅटरी सोबत न्या. शिशाच्या भावाने शे-दीडशे वजा होतात, दुकानदार आपणहून सांगत नाही. नवीवरची महिना-वर्षाची तारीख बघा, सहा महिन्यांहून जुनी नको. घरी आणली की आधी रात्रभर नुसती चार्जिंगला, मशीन न जोडता.